न्यायालयाची पायरी आणि रुग्णालयाची खाट

(राजोडी, ता. वसई येथील व्याख्यानाचे शब्दांकन)

राजोडीच्या किनाऱ्यापासून थोड्याच अंतरावर सोपारा आहे. प्राचीन अपरान्ताचे हे वैभवशाली बंदर. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांना येथे सम्राट अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडा सापडला. पुढे १९५६ साली जवळच्याच भुईगावात नवव्या शिलालेखाचा तुकडा मिळाला. गिरनारसारख्या ठिकाणी असे चौदा लेख एकत्र आढळतात. त्यांतील दुसऱ्या लेखात, माणसांच्या आणि पशूंच्या चिकित्सेची व्यवस्था राज्याने केली असल्याची आणि जेथे औषधी वनस्पती नव्हत्या तेथे त्या आणून लावल्याची नोंद आहे. सव्वादोन हजार वर्षांपूर्वी या भूमीतील राजाने रुग्णाची चिंता हे राज्याचे कर्तव्य मानले. त्यासाठी कोणा प्रजाजनाला त्याच्यावर दावा लावावा लागला नव्हता.

आज चित्र निराळे आहे. रुग्णालयात खाट मिळावी, आरोग्य केंद्रात डॉक्टर असावा, औषधाचे कपाट रिकामे नसावे, एवढ्यासाठी नागरिकाला उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागते. हे का घडते, या खटल्यांतून पैसा कोणाकडून कोणाकडे जातो, राजकारणात त्यांचा उपयोग कोण कसा करून घेतो आणि निकाल बाजूने लागल्यावरही रुग्ण दाराबाहेर का राहतो, याचा विचार प्रत्येक सुजाण कुटुंबाने करावा असा हा विषय आहे.

घटनेने काय दिले?

राज्यघटनेच्या ४७ व्या अनुच्छेदाने सार्वजनिक आरोग्य सुधारणे हे राज्याचे प्राथमिक कर्तव्य ठरविले. परंतु हा अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांच्या भागात आहे आणि ३७ व्या अनुच्छेदाप्रमाणे त्या भागातील तरतुदींची अंमलबजावणी न्यायालयामार्फत करून घेता येत नाही. सातव्या अनुसूचीने सार्वजनिक आरोग्य व रुग्णालये हा विषय राज्यांकडे सोपविला. म्हणजे कर्तव्य सांगितले, ते कोणी पार पाडायचे हेही सांगितले. पण ते न पार पाडल्यास नागरिकाने जायचे कोठे, याचे उत्तर मोकळे राहिले.

ही मोकळी जागा न्यायालयाने जीविताच्या हक्काचा म्हणजे २१ व्या अनुच्छेदाचा आधार घेऊन भरून काढली. १९८९ साली पंडित परमानंद कटारा यांच्या याचिकेवर निर्णय देताना सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, अपघातग्रस्ताचे प्राण वाचविणे हे सरकारी असो वा खासगी, प्रत्येक डॉक्टरचे पहिले कर्तव्य आहे आणि पोलिसी सोपस्कार त्यानंतरचे आहेत. या याचिकेला कारण झाली ती घटना साधी होती. मोटारीच्या धडकेने जखमी झालेल्या एका स्कूटरस्वाराला जवळच्या रुग्णालयाने घेतले नाही, वीस किलोमीटरवरील दुसऱ्या रुग्णालयाकडे पाठविले आणि वाटेतच त्याचा अंत झाला.

दुसरा खटला पश्चिम बंगालचा. लोकलने रोज प्रवास करणाऱ्या वसई-विरारकराला तो चटकन समजेल. ८ जुलै १९९२ च्या संध्याकाळी मथुरापूर स्थानकात एक शेतमजूर गाडीतून पडला आणि त्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. प्राथमिक आरोग्य केंद्रापासून कोलकात्याच्या मोठमोठ्या सरकारी रुग्णालयांपर्यंत त्याला फिरविण्यात आले. कोठे यंत्र नाही, कोठे खाट नाही! अखेर एका खासगी रुग्णालयात त्याच्यावर उपचार झाले आणि सुमारे १७ हजार रुपये खर्च आला. शेतमजूर संघटनेने हे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात नेले. मे १९९६ मध्ये न्यायालयाने २५ हजार रुपये भरपाई देवविली आणि सांगितले की, तातडीच्या उपचारांची सोय करणे हे राज्याचे घटनात्मक बंधन आहे; पैसा नाही ही सबब येथे चालणार नाही.

मात्र दोनच वर्षांनी, १९९८ मध्ये, पंजाबातील शासकीय कर्मचाऱ्यांच्या वैद्यकीय खर्चाच्या परताव्याचा प्रश्न आला, तेव्हा त्याच न्यायालयाने मान्य केले की कोणत्याही राज्याची तिजोरी अमर्याद नसते आणि परताव्याला मर्यादा घालणे गैर नाही. एका निकालात पैशाची सबब नाकारली, दुसऱ्यात पैशाची मर्यादा स्वीकारली. वरवर विसंगती वाटली तरी यात एक सूत्र आहे. प्राण वाचविण्याच्या क्षणी तिजोरीचा हिशेब पुढे करायचा नाही. मात्र कोणत्या उपचारावर किती खर्च करायचा, हे ठरविताना तो हिशेब टाळता येत नाही. आरोग्याच्या सर्व खटल्यांचे अर्थकारण या दोन टोकांच्या मध्ये कोठेतरी बसते.

महाराष्ट्राचा धडा : २१ वर्षे झोपलेले कलम

या विषयात महाराष्ट्राने देशाला दिलेले उदाहरण म्हणजे धर्मादाय रुग्णालयांचा खटला. मुंबईची रुग्णालये मुळात दातृत्वातून उभी राहिली. सर जमशेटजी जीजीभॉय यांच्या देणगीतून ‘जे. जे.’ उभे राहिले, डॉ. नायर यांच्या दानातून ‘नायर’. वसईतही पेटिट यांच्या नावाचे रुग्णालय आहे. स्वातंत्र्यानंतर विश्वस्त संस्थांची रुग्णालये वाढली. समाजाच्या उपयोगाची म्हणून शासनाने त्यांना नाममात्र भाड्याने भूखंड दिले, वाढीव चटईक्षेत्र दिले, आयकरात सूट दिली. त्यामागचा विचार सरळ होता. शासनाला जेवढी रुग्णालये बांधता येत नाहीत, तेवढी समाजाने बांधावीत. शासनाने जमीन आणि करसवलत द्यावी आणि बदल्यात गरिबांवर उपचार व्हावेत.

हा बदला पक्का करण्यासाठी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमात १९८५ साली ४१ ‘कक’ हे कलम आले. शासनाचे साहाय्य घेणाऱ्या आणि वर्षाला पाच लाखांहून अधिक खर्च करणाऱ्या विश्वस्त रुग्णालयांनी दहा टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी विनामूल्य आणि दहा टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीच्या दरात ठेवाव्यात, असे त्याचे सार. कायदा झाला, पण तो कसा राबवायचा, खर्च कोणी सोसायचा, तपासणी कोणी करायची, हे ठरले नाही. रुग्णालयांचे रूप मधल्या काळात पालटले. धर्मशाळेसारखे वॉर्ड जाऊन वातानुकूलित खोल्या आल्या, आणि ४१ ‘कक’ फायलीत निजून राहिले.

२००४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. १७ ऑगस्ट २००६ रोजी न्यायालयाने योजना मंजूर केली आणि ती त्याच वर्षी सप्टेंबरपासून लागू झाली. विधिमंडळाने केलेल्या कायद्याला रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचायला २१ वर्षे लागली, आणि तेही न्यायालयाने हात धरून आणल्यावर!

योजनेचा आर्थिक गाभा समजून घेण्यासारखा आहे. प्रत्येक रुग्णालयाने ‘निर्धन रुग्ण निधी’ नावाचे स्वतंत्र खाते उघडायचे. निर्धन व दुर्बल घटकांव्यतिरिक्तच्या सर्व रुग्णांच्या एकूण बिलाच्या दोन टक्के रक्कम कोणतीही वजावट न करता त्यात भरायची. निर्धन रुग्णाचे बिल रुग्णालयाच्या सर्वांत खालच्या वर्गाच्या दराने करायचे, औषधे व साहित्य खरेदीच्या किमतीने लावायचे आणि ती रक्कम या निधीतून वळती करायची. आणीबाणीत रुग्ण आला तर त्याला तत्काळ दाखल करून त्याची प्रकृती स्थिर होईपर्यंत उपचार द्यायचे आणि अशा निर्धन वा दुर्बल रुग्णाकडे अनामत रक्कम मागायची नाही. पात्रतेचा पुरावा म्हणून तहसीलदाराचा दाखला किंवा शिधापत्रिका. उत्पन्नाची मर्यादा प्रारंभी निर्धनांसाठी वार्षिक २५ हजार आणि दुर्बल घटकांसाठी ५० हजार होती. ती वाढत वाढत अनुक्रमे १ लाख ८० हजार आणि ३ लाख ६० हजारांवर आली आहे. राज्यातील चारशेहून अधिक रुग्णालये या योजनेच्या कक्षेत येतात.

आता केवळ समजण्यासाठी एक गणित मांडू. समजा, २०० खाटांच्या रुग्णालयाचे वर्षाचे बिल १०० कोटी रुपये आहे. दोन टक्के म्हणजे निधीत २ कोटी जमले. निर्धनांसाठीच्या खाटा २०. त्या वर्षभर भरलेल्या राहिल्या तर खाटांचे दिवस झाले ७,३००. भागाकार केला तर एका खाटेला दिवसाला सुमारे २,७४० रुपये मिळतात. साध्या वॉर्डातील तापाच्या रुग्णाला हे बरे आहे. अतिदक्षता विभागातील रुग्णाला किंवा हृदयात उपकरण बसवायचे असेल त्याला ते अगदी अपुरे आहे. म्हणून कोठे निधी संपतो आणि खाट रिकामी राहते, तर कोठे रुग्णच पोहोचत नाही आणि निधी पडून राहतो. खाटांचा आकडा आणि रुपयांचा आकडा यांची सांगड रोजच्या रोज घालावी लागते. न्यायालयाला वर्षातून चार वेळा ती घालता येत नाही.

तरीही या योजनेने एक मोठी गोष्ट केली. निर्धनाला मिळणारी खाट ही विश्वस्तांची मेहेरबानी आहे, हा समज तिने कायमचा मोडला. जमीन, चटईक्षेत्र आणि करसवलत या रूपाने समाजाने त्या खाटेचे मोल आधीच चुकते केले आहे. ते कराराचे पैसे आहेत. दिल्लीतही हेच झाले. सवलतीत भूखंड घेतलेल्या रुग्णालयांनी आंतररुग्ण विभागात दहा टक्के आणि बाह्यरुग्ण विभागात पंचवीस टक्के गरिबांवर विनामूल्य उपचार करावेत, असा आदेश तेथील उच्च न्यायालयाने २००७ मध्ये दिला. रुग्णालयांनी लढा दिला आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भूखंडाची अट उचलून धरली. सवलत घ्यायची आणि अट विसरायची, हा व्यवहार धर्माच्या कसोटीवर टिकत नाही आणि कायद्याच्याही.

राजोडीचा रुग्ण कोठे पोहोचतो?

येथे दुसरा, अधिक कठीण प्रश्न उभा राहतो. आदेश झाला, खाट राखीव झाली. पण त्या खाटेपर्यंत जातो कोण?

राजोडीच्या वाडीतील एखाद्या मजुराला मोठा आजार जडला, तर त्याचा मार्ग ठरलेला आहे. बस किंवा रिक्षा करून नालासोपारा स्थानक, तेथून गर्दीच्या लोकलने मुंबई सेंट्रलला उतरून ‘नायर’ किंवा दादर-परळला उतरून ‘केईएम’. एका फेरीत त्याचा आणि सोबत आलेल्या माणसाचा असे दोन रोज बुडतात. तपासणीची तारीख वेगळी, अहवालाची वेगळी, शस्त्रक्रियेची त्याहून वेगळी. पैसे न घेता होणारा उपचारही असा महाग पडतो. धर्मादाय रुग्णालयात जायचे तर तहसीलदाराचा दाखला हवा. तो काढायला वसईच्या कचेरीत हेलपाटे आले. आजार आधी येतो आणि दाखला मागून येतो. शिवाय मोठी धर्मादाय रुग्णालये मुंबई-पुण्यासारख्या शहरांत एकवटलेली आहेत. न्यायालयाने दहा टक्के खाटा राखून ठेवल्या त्या जेथे रुग्णालये होती तेथे. जेथे रुग्णालयच नव्हते तेथे दहा टक्के कशाचे काढणार?

याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला जव्हार-मोखाड्याचे वनवासी पाडे आहेत. १९९२-९३ मध्ये जव्हार तालुक्यातील वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी महाराष्ट्र हादरला होता. २०१४ साली १ ऑगस्टला पालघर हा स्वतंत्र जिल्हा झाला, त्यामागे शासन या पाड्यांच्या जवळ जावे हीच अपेक्षा होती. तिकडे विदर्भात मेळघाटच्या कुपोषणाबद्दल शीला बारसे यांची याचिका १९९३ सालची. त्यानंतर आणखी याचिका झाल्या. बालरोगतज्ज्ञ नेमा, स्त्रीरोगतज्ज्ञ पाठवा, पोषण आहाराचा हिशेब द्या, असे आदेश न्यायालयाने वेळोवेळी दिले आणि तीन दशकांनंतरही हा विषय न्यायालयासमोर येतच राहिला. ज्या वर्षी पहिली याचिका झाली, त्या वर्षी जन्मलेले मूल आज स्वतः आईबाप झाले असेल. न्यायालय डॉक्टरची नेमणूक करण्यास सांगू शकते. पण त्या डॉक्टरच्या मुलांना शाळा, राहायला घर, रात्री वीज आणि बरोबरीने काम करणारी परिचारिका या गोष्टी आदेशातून निर्माण होत नाहीत.

शिवाय, जबाबदारी नेमकी कोणाची, हाच वाद असेल तर? वसई-विरारने तो जवळून पाहिला आहे. ३ जुलै २००९ रोजी चार नगरपरिषदा आणि अनेक ग्रामपंचायती एकत्र करून महापालिका स्थापन झाली. गावांनी आंदोलन केले. २०११ मध्ये २९ गावे वगळण्याचा शासनाचा निर्णय झाला, प्रकरण उच्च न्यायालयात गेले, आणि अखेर २०२४ मध्ये ती गावे महापालिकेतच ठेवण्याचे शासनाने ठरविले. राजोडी ज्या किनारपट्टीत आहे, तेथील अनेक गावांचा यात संबंध होता. ग्रामीण भागात प्राथमिक आरोग्य केंद्र जिल्हा परिषदेचे, महापालिका क्षेत्रात आरोग्यसेवा महापालिकेची. ज्या गावाचे भवितव्य दहा-बारा वर्षे न्यायप्रविष्ट राहते, त्या गावात नवा दवाखाना बांधण्यासाठी पैसा कोणी घालायचा? हा खटला आरोग्याचा नव्हता. तरीही गावाच्या आरोग्यावर अशा वादाचा भार पडल्यावाचून राहत नाही.

खटल्याचे राजकारण

आरोग्याच्या खटल्यात तीन पक्षांना आपापला लाभ दिसतो. सत्ताधाऱ्यांना ‘बाब न्यायप्रविष्ट आहे’ हे वाक्य मिळते. हे वाक्य म्हणजे उत्तर न देण्याचा परवानाच! विरोधकांना न्यायमूर्तींच्या ताशेऱ्यांचा मथळा मिळतो. पुढे सत्ता पालटली की बाकांची अदलाबदल होते आणि प्रतिज्ञापत्राची भाषा तीच राहते. प्रशासनाला पुढची तारीख मिळते. कोणत्याही पक्षाचे शासन असले तरी हे चक्र फारसे बदललेले नाही, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे.

परळच्या वाडिया रुग्णालयांचे उदाहरण घ्या. बालकांचे आणि प्रसूतीचे अशी ही दोन रुग्णालये विश्वस्त संस्था, राज्य शासन आणि मुंबई महापालिका यांच्या परस्परसंबंधांतून चालतात. थकलेल्या अनुदानावरून वाद झाला, रुग्णांना परत पाठविण्याची वेळ आली, आणि जानेवारी २०२० मध्ये प्रश्न उच्च न्यायालयात गाजला. पुतळ्यांसाठी पैसा आहे आणि मुलांच्या उपचारासाठी नाही काय, अशा आशयाचे खडे बोल न्यायालयाने सुनावले. मग निधी मोकळा झाला. प्रश्न असा की, तो निधी तिजोरीत होताच, तर न्यायालयाच्या शब्दाची वाट का पाहिली गेली? आणि नव्हता, तर तो कोणत्या दुसऱ्या कामातून काढला गेला? न्यायालयाच्या आदेशाने तिजोरी मोठी होत नाही, तिच्यातील वाटणी बदलते.

ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ४८ तासांत ३१ रुग्ण दगावल्याच्या बातमीने राज्य हळहळले. उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मनुष्यबळ कमी, औषधे अपुरी, रुग्णसंख्या अधिक, ही कारणे सांगून शासनाला सुटका करून घेता येणार नाही, असे न्यायालयाने बजावले. रिक्त पदे किती, मंजूर निधी किती, खर्च किती, हे आकडे मागवले गेले. यातील एकही आकडा गुप्त नव्हता. ते विधिमंडळात आणि जिल्हा नियोजन समितीत विचारता आले असते. लोकप्रतिनिधींनी विचारायचा प्रश्न न्यायमूर्तींनी विचारावा लागला, हे लोकशाहीचे अपयश आहे, न्यायालयाची अतिक्रमणाची हौस नव्हे.

सातासमुद्रापलीकडचा अनुभव

हा पेच केवळ भारताचा नाही. ब्राझीलने १९८८ च्या राज्यघटनेत आरोग्य हा सर्वांचा हक्क आणि राज्याचे कर्तव्य असल्याचे लिहिले. त्यानंतर तेथे महागड्या औषधांसाठी व्यक्तिगत खटल्यांचा पूर आला, त्यांची संख्या लाखांच्या घरात गेली. ज्याने वकील केला त्याला औषध मिळाले. मात्र त्याच अंदाजपत्रकातून दूरच्या खेड्यातील लसीकरणही व्हायचे होते, आणि त्या खेड्यातील मातेकडे वकील नव्हता. हक्क सर्वांचा, पण फळ आधी दाव्याची फी भरू शकणाऱ्याला, असा उलटा न्याय त्यातून घडू शकतो.

दक्षिण आफ्रिकेच्या घटना न्यायालयाने दोन निराळे निकाल दिले. १९९७ मध्ये डर्बनच्या एका मूत्रपिंडाच्या रुग्णाने डायलिसिसची मागणी केली. यंत्रे थोडी, रुग्ण फार, आणि रुग्णालयाची निवडीची पद्धत समंजस आहे, असे पाहून न्यायालयाने अत्यंत जड अंतःकरणाने ती मागणी फेटाळली. तो रुग्ण लवकरच वारला. २००२ मध्ये मात्र आईकडून बाळाला होणारा एड्सचा संसर्ग रोखणाऱ्या नेव्हिरापिन या औषधाचा प्रश्न आला. औषध बनविणारी कंपनी ते पाच वर्षे विनामूल्य द्यायला तयार होती, तरी सरकारने ते प्रत्येक प्रांतातील दोन केंद्रांपुरते रोखून धरले होते. न्यायालयाने ही आडकाठी दूर करण्याचा आदेश दिला आणि असंख्य बालकांना त्याचा लाभ झाला.

या दोन निकालांतून घेण्यासारखा बोध असा की, एका व्यक्तीला रांगेत पुढे नेणारा खटला आणि रांगेचा नियमच सुधारणारा खटला, यांत फरक केला पाहिजे. पहिल्याविषयी सहानुभूती असावी. समाजाने बळ मात्र दुसऱ्यामागे उभे करावे. धर्मादाय रुग्णालयांचा खटला दुसऱ्या प्रकारचा होता, म्हणूनच तो मोलाचा.

दुसरी बाजूही ऐकावी

रुग्णालय चालविणाऱ्यांची बाजू ऐकल्याविना हा विचार पुरा होत नाही. यंत्रे महाग आहेत, तज्ज्ञांचे मानधन मोठे आहे, आणि दोन टक्क्यांचा भार शेवटी पैसे भरणाऱ्या रुग्णाच्याच बिलात मिसळतो. तो रुग्ण बहुधा मध्यमवर्गीय असतो, विम्याच्या मर्यादेशी झगडत असतो. हा आक्षेप खोटा नाही. त्याचे उत्तर असे की, जमिनीची आणि कराची सवलत बिलाच्या आकड्यात दिसत नाही, पण ती असते; तिचे मूल्य मांडून हिशेब प्रसिद्ध केला तर कोण कोणाचा भार वाहतो आहे, ते सर्वांनाच कळेल.

दुसरी गोष्ट आपल्याच घराची आहे. चारचाकी दाराशी असताना उत्पन्नाचा खोटा दाखला काढून निर्धनाची खाट अडविणारे लोक सुशिक्षित वर्गातही आहेत. नगरसेवकाची चिठ्ठी, मंत्रालयातून दूरध्वनी, ओळखीचा डॉक्टर, अशा वाटांनी हे घडते. विश्वस्तांनी करार मोडला तर तो दोष, आणि आपण मोडला तर ती हुशारी, असा दुहेरी न्याय चालणार नाही.

शासनाने मधल्या काळात काहीच केले नाही, असेही म्हणता येणार नाही. २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली आणि २०१७ पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाणारी जनआरोग्य योजना, २०१८ ची आयुष्मान भारत योजना, १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांतील निःशुल्क उपचार, ही महत्त्वाची पावले आहेत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार एकूण आरोग्यखर्चातील कुटुंबांच्या खिशातून होणारा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. पण २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने २०२५ पर्यंत शासकीय आरोग्यखर्च सकल उत्पन्नाच्या अडीच टक्क्यांवर नेण्याचे उद्दिष्ट ठेवले होते आणि २०२१-२२ मध्ये तो १.८४ टक्के होता. हे अंतर जोवर आहे, तोवर लोक न्यायालयाकडे जातच राहतील.

समाजाचे काम

मग करायचे काय? निकाल मिळविणे हे वकिलांचे काम आहे. निकाल जिवंत ठेवणे हे समाजाचे काम आहे. २०२५ मध्ये पुण्यात एका गर्भवतीच्या मृत्यूनंतर अनामत रकमेच्या मागणीचा आरोप झाला, चौकश्या बसल्या आणि धर्मादाय रुग्णालयांच्या नियमांची चर्चा घरोघरी झाली. नियम १९ वर्षांपूर्वीचा होता. तो प्रत्येक वस्तीत आधीच ठाऊक असता, तर कितीतरी लोक अनामतीच्या खिडकीवरून निमूट परतले नसते.

म्हणून पहिले काम माहितीचे. वस्तीतील किमान एका कार्यकर्त्याला ४१ ‘कक’ काय आहे, कोणत्या रुग्णालयाला ते लागू आहे, वैद्यकीय समाजसेवक कोठे भेटतो आणि धर्मादाय आयुक्त कार्यालयात तक्रार कशी करायची, हे पाठ असले पाहिजे. दुसरे काम कागदाचे. उत्पन्नाचा दाखला आणि शिधापत्रिका आजार येण्यापूर्वी तयार असावी; शाळेच्या प्रवेशासाठी जसा दाखल्यांचा मेळावा भरवतात, तसा यासाठीही भरवता येतो. तिसरे काम सोबतीचे. लिहितावाचता येणारा माणूस बरोबर असला की रुग्णाशी बोलण्याचा रुग्णालयाचा सूर बदलतो, हे अनुभवाने सर्वांना ठाऊक आहे. निवृत्त शिक्षक, बँकेतील कर्मचारी, महाविद्यालयीन तरुण यांनी आठवड्यातील एक सकाळ दिली तरी राजोडीपासून परळपर्यंतची वाट अर्धी सोपी होईल.

चौथे काम हिशेबाचे आणि ते सर्वांत अवघड. आपल्या भागातील रुग्णालयाच्या निर्धन रुग्ण निधीत किती जमा झाले आणि किती खर्च झाले, आरोग्य केंद्रातील किती पदे रिक्त आहेत, महापालिकेच्या अंदाजपत्रकात दवाखान्यांना किती मिळाले आणि वर्षअखेर किती परत गेले, हे प्रश्न दर वर्षी, कोणाचीही सत्ता असताना, शांतपणे आणि लेखी विचारले पाहिजेत. मते मागायला येणाऱ्याला रस्ते आणि पाणी यांच्याबरोबर हा प्रश्नही विचारला गेला पाहिजे. जे विश्वस्त, जे डॉक्टर करार प्रामाणिकपणे पाळतात, त्यांचा जाहीर सन्मानही झाला पाहिजे, कारण चांगल्याची दखल घेणारा समाजच वाईटाला जाब विचारू शकतो.

न्यायालयाने महाराष्ट्रातील निर्धनाला दहातील एक खाट त्याच्या हक्काची असल्याचे सांगितले. ती खाट आज रात्री कोणाला मिळाली, हे पाहायला न्यायमूर्ती येणार नाहीत. ते पाहण्याचे काम वस्तीतल्या माणसांचे आहे.